बाबांचा चेक माझ्या खात्यात का पडत नाही?

पत्र

साहेब, नमस्कार. आम्ही घाटंजी तालुक्यातले. साडेचार एकर वावर आहे, सातबारा बाबांच्या नावाने. बाबा ७२ वर्षांचे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्यांना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, बोलणं जड झालं, डोकं मात्र शाबूत आहे. यंदाचा कापूस मीच वेचून घेतला आणि खेडा खरेदीवाल्याला १४ क्विंटल ६० किलो घातला, ७,२०० च्या भावाने. त्याने बाबांच्या नावाचा १,०५,१२० रुपयांचा चेक दिला, २२ डिसेंबर तारखेचा. कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिलं आहे. बाबांचं खातं जिल्हा बँकेत आहे, पण तिथे टाकू नको असं ते म्हणतात. माझं खातं तालुक्याला राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. चेकच्या मागे बाबांची सही करून मी तो माझ्या खात्यात टाकायला गेलो. काउंटरवरच्या मॅडमने उलटा-पालटा करून परत दिला. म्हणाल्या, थर्ड पार्टी चेक चालत नाही. मी सख्खा पोरगा, थर्ड पार्टी कसा झालो? आधार, राशन कार्ड सगळं दाखवलं. आमच्या आबाजींच्या काळी तर मागे सही मारून चेक दुकानदाराला दिला की काम होत होतं. चुलतभाऊ म्हणतो पतसंस्थेत टाकू. गावातला एक जण म्हणतो, दोन हजार दे, माझ्या खात्यातून वटवून देतो. मोठा भाऊ पुण्याला असतो, त्याच्या कानावर अजून काही घातलेलं नाही. काय करावं?

*एका कास्तकाराचा मुलगा*

उत्तर

भाऊ, आधी तो थर्ड पार्टीचा राग थुंकून टाका. मॅडमने तुमचं नातं नाकारलेलं नाही. चेकच्या हिशोबात माणसं तीनच प्रकारची असतात: ज्याने चेक फाडला तो, ज्याच्या नावाने फाडला तो, आणि उरलेलं सगळं जग. तुम्ही, तुमची आई, पुण्याचे भाऊ आणि तो दोन हजार मागणारा गडी, सगळे त्या तिसऱ्या रांगेत. राशन कार्डाने रांग बदलत नाही.

आबाजींच्या काळाचं तुमचं म्हणणं मात्र खोटं नाही. आपल्याकडे चेकचा कायदा १८८१ सालचा आहे आणि चेकच्या मागे सही करून तो दुसऱ्याच्या नावे करण्याची सोय त्यात अजूनही आहे. गंमत म्हणजे 'अकाउंट पेयी' हे शब्द त्या कायद्यात नाहीतच. रेघा आहेत, रेघांमधले हे शब्द बँकांच्या वहिवाटीतून आले. त्यामुळे बरीच वर्षं ढिलाई चालली. ओळखीचा माणूस, ओळखीचा कारकून, की मागची सही बघून चेक घेतला जायचा. २००६ साली रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना बजावलं की अकाउंट पेयी चेकचे पैसे ज्याच्या नावाने चेक आहे त्याच्याच खात्यात जमा करायचे, दुसऱ्या कोणाच्या खात्यात नाही. तेव्हापासून अशा चेकच्या मागे शंभर सह्या केल्या तरी त्या बिनकामाच्या. रेघा नसलेला चेक असता तर थोडी गोष्ट वेगळी होती, पण असा मागे सही केलेला चेक घ्यायला बँका आता तिथेही काचकूच करतात. चुकीच्या माणसाला पैसे गेले तर निस्तरायचं बँकेला.

ते निस्तरणं काय असतं ते मी पाहिलं आहे. १९९७ साली मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत कारकून होतो. शाखेचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. धरणात गेलेल्या वावराच्या मोबदल्याचा चेक एका म्हातारीच्या नावाने आला. तिचा पुतण्या रोज शाखेत येणारा, आमच्यासोबत चहा पिणारा. चेकच्या मागे म्हातारीचा अंगठा उमटवून त्याने चेक आपल्या खात्यात टाकला आणि मी घेतला. महिन्याभराने ती बाई आली. लुगड्याच्या पदराची गाठ दातांनी सोडली, आतून चार घड्या घातलेला मोबदल्याचा कागद काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "साहेब, चेक माह्या नावाचा होता नं?" एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. पुढे सरपंचाच्या ओट्यावर बैठक झाली, पुतण्याने हप्त्याहप्त्याने पैसे परत केले, पहिला हप्ता माझ्या पगारातून गेला. अंगठा खरंच तिचा होता की नाही, ते मला आजही माहीत नाही. तुमच्या मॅडम माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. तुम्ही सहज लिहून गेलात, 'बाबांची सही करून'. बाबांचा उजवा हात तान्ह्या पोळ्यापासून उठत नाही. मग सही कोणी केली? मला उत्तर कळवू नका, पण स्वतःशी नीट समजून घ्या. बापाने तोंडाने हो म्हटलं असलं, पैसा बापाच्याच औषधाला जाणार असला, तरी दुसऱ्याच्या नावाची सही आपल्या हाताने करणं ही बनावट सही ठरू शकते, आणि चेकवर केलेली म्हणजे साधी गोष्ट नाही. उद्या भावाभावांत बिनसलं तर वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. मॅडमने चेक परत केला त्यात तुमचं भलंच झालं. तो चेक आता वापरूच नका. काय करायचं ते पुढे सांगतो.

त्याआधी दुसरं वाक्य. जिल्हा बँकेत टाकू नको असं बाबा म्हणतात, आणि का ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी अंदाज करतो: पीक कर्ज थकलेलं आहे. आपल्या भागात खात्यावर पैसे पडायच्या आधी ते कर्जात वळते होतील ही धास्ती पडते. ती निराधार नाही. कर्जाची मुदत उलटलेली असेल आणि त्याच बँकेत त्याच माणसाच्या खात्यात पैसे आले, तर बँक ते कर्जापोटी वळते करू शकते. पण म्हणून चेक पोराच्या खात्यात लपवायची गरज नाही. बाबांनी दुसऱ्या बँकेत खातं उघडायला कोणाची आडकाठी नाही आणि त्यात लपवाछपवीही नाही. कर्ज जिथल्या तिथे राहतं, तेवढं ध्यानात ठेवा. दवाखाना आणि रब्बीचा खर्च भागला की एकदा सोसायटीच्या सचिवाकडे बसून नूतनीकरणाचं काय होतं ते विचारून घ्या. मुदतीत फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेतून व्याजाची सवलत मिळते. थकबाकीदार झालं की ती जाते, आणि ते नुकसान एका हंगामापुरतं राहत नाही.

आता रस्ता. तुमचं खातं आहे त्याच बँकेत बाबांचं आणि तुमचं जोडखातं उघडा. पहिलं नाव बाबांचं, दुसरं तुमचं. व्यवहाराच्या रकान्यात 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' ही खूण करा. बाबांच्या एकट्याच्या नावाचा चेक त्या खात्यात बिनदिक्कत जमा होतो आणि पैसे तुम्हाला उचलता येतात. तुम्हाला हवं होतं ते हेच.

तुम्ही म्हणाल, बाबांना खाटेवरून उतरवता येत नाही, बँकेत कसे नेऊ? नेऊ नका. सत्तरीच्या वरच्या माणसांना आणि आजारी, अपंग खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना सांगितलेलं आहे. शाखा व्यवस्थापकाला साध्या कागदावर अर्ज द्या: वय ७२, अर्धांगवायू, चालता येत नाही, सोबत डॉक्टरचा कागद. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं शाखेत दुपारच्या डब्यापर्यंतही टिकत नाही, हे मी आतल्या अनुभवाने सांगतो. गावात बँक मित्र, म्हणजे बँकेने नेमलेला गावोगाव फिरणारा माणूस, येत असेल तर त्याच्याही कानावर घाला, खातं उघडायचं अर्धं काम त्याच्या मशीनवर होतं.

सहीची काळजी नको. ज्याला सही करता येत नाही त्याचा अंगठा चालतो, आणि पुरुषाचा तसाही डाव्या हाताचा घेतात. तुमच्या बाबांचा डावा हात धड आहे. सही गेलेल्या आजारी माणसाला पैसे काढायचे असतील तर अंगठ्याला बँक ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार मागते, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस असावा लागतो. अंगठाही उमटत नसेल तर पायाच्या अंगठ्यापर्यंत सोय आहे. नियम करणाऱ्याने एकदा तरी खाटेवरचा माणूस पाहिला असावा. एक बारीक गोष्ट: साहेब येण्याआधी बाबांचा डावा अंगठा कोमट पाण्याने धुऊन कोरडा करून ठेवा. वावरात राबलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात खोबरेल तेल लागलेलं असलं की मशीन चारदा नाकारतं आणि आलेला माणूस 'पुन्हा येतो' म्हणून जातो. तो पुन्हा कधी येईल ते देव जाणे.

खातं उघडताना फॉर्मकडे नीट लक्ष द्या. कागदपत्रं अपुरी असली की 'छोटं खातं' उघडून देतात, आणि तशा खात्यात वर्षभरात एक लाखाच्या वर जमा होत नाही. तुमची रक्कम १,०५,१२०. पाच हजारांनी अडकाल. बाबांचं आधार, फोटो आणि पॅन द्या, पॅन नसेल तर त्याऐवजीचा फॉर्म भरा, आणि 'पूर्ण केवायसीचं खातं हवं' असं तोंडाने सांगा. खातं शून्य रकमेचं चालतं. कोणी विम्याचा फॉर्म सोबत सरकवला तर तो बाजूला ठेवा.

नवीन पासबुक हातात आलं की व्यापाऱ्याकडे जा. पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, त्याने दिलेली काट्याची पट्टी, म्हणजे वजनाची पावती, आणि जुना चेक सोबत न्या. त्याला सांगा, हा चेक परत घ्या आणि चुकारा बाबांच्या खात्यात थेट टाका. तो म्हणेल 'आरटीजीएस करतो'. आपल्याकडे बँकेतून पाठवलेल्या सगळ्याच पैशाला आरटीजीएस म्हणायची रीत पडली आहे. खरं तर आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे होतं, तुमचे पैसे एनईएफटीने येतील. नावाशी वाद घालू नका, पैसे येण्याशी मतलब. जुना चेक मात्र पैसे खात्यात दिसल्याशिवाय त्याच्या हातात देऊ नका, आणि देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. तो नवीनच चेक देतो म्हणाला तरी हरकत नाही. तेव्हा नाव पासबुकावर आहे तसंच लिहून घ्या. पट्टीवर 'नामदेवराव' आणि पासबुकावर 'नामदेव किसन' असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. चेकवर खाडाखोड चालत नाही, एक अक्षर चुकलं तरी दुसरा चेक मागा.

तो म्हणेल, "त्यापेक्षा तुमच्याच नावाने फाडून देतो नं भाऊ." बेकायदेशीर नाही, आणि त्याला सोपंही पडतं. पण मी तुमच्या जागी असतो तर घेतला नसता. वावर बाबांचं, पट्टी बाबांच्या नावाची, आणि पैसा तुमच्या खात्यात, हा हिशोब कागदावर जुळत नाही. पुण्याच्या भावाला तो तसा दिसला तर तुम्ही इतके महिने केलेली बाबांची सेवा त्याला दिसणार नाही.

व्यापारी टाळाटाळ करू लागला तर तारखेवर नजर ठेवा. चेक तीन महिनेच चालतो, २०१२ च्या एप्रिलपासून. आधी सहा होते, अजूनही पुष्कळांच्या डोक्यात सहाच आहेत. तुमचा २२ डिसेंबरचा, म्हणजे २० मार्चच्या आत निकाल लावा. बाबांच्या नावाचा चेक बाबांच्या खात्यात भरून तो पैसे नाहीत म्हणून परत आलाच, तर बँकेची परतीची चिठ्ठी जपा. ती मिळाल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याला पोस्टाने लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्याला पैसे द्यायला १५ दिवस, तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. त्या तारखा चुकल्या की केस लंगडी होते, म्हणून चिठ्ठी आली त्याच दिवशी वकील गाठा. ही लढाई बाबांच्या नावानेच लढता येते. चेक भलत्याच्या खात्यात फिरवलेला असला की पहिला प्रश्न तोच निघतो.

चुलतभावाचं पतसंस्थेचं बोलणं अगदीच हवेतलं नाही, तेवढं श्रेय त्यांना देऊ. पतसंस्थेच्या सभासदाच्या नावाचा अकाउंट पेयी चेक बँकेने पतसंस्थेच्या खात्यात जमा करून घ्यावा अशी सवलत आहे, पण ५०,००० रुपयांपर्यंतच, आणि चेक ज्याच्या नावाचा तो त्या संस्थेचा सभासद असला तरच. तुमचा चेक दुपटीच्या वर आहे. व्यापाऱ्याकडून त्याचे तीन तुकडे करून घेण्याची कल्पना कोणाला सुचण्याआधीच सांगतो: जे काम एका जोडखात्याने होतं त्यासाठी तीन चेक कशाला नाचवायचे?

दोन हजारवाल्याला मात्र उंबऱ्याबाहेरूनच रामराम करा. पहिली गोष्ट, त्याच्या खात्यातही तो चेक पडणार नाही, कारण तोही तिसऱ्या रांगेतलाच. त्याला हे माहीत नसेल तर तो कामाचा नाही. माहीत असूनही 'वटवतो' म्हणत असेल तर त्याच्याकडे त्या नावाचं दुसरंच काही खातं तयार आहे का, हा प्रश्न पडतो. आणि हीच गोष्ट उलट बाजूनेही लक्षात ठेवा. उद्या कोणी तुम्हाला म्हणाला, भाऊ, माझे पैसे तुझ्या खात्यात घे, हजार ठेव आणि बाकीचे काढून दे, तर नाही म्हणा. फसवणुकीचा पैसा असाच दुसऱ्यांच्या खात्यांतून फिरतो, आणि पोलीस शोधत येतात ते खातेदाराचं दार, पैसेवाल्याचं नाही.

जाता जाता. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि तुम्ही ७,२०० ने दिला. क्विंटलमागे ९१० रुपये. ओलावा, नंबर लागेपर्यंतचे दिवस, गाडीभाडं, सगळं मला कळतं, आणि घरात लकव्याचं दुखणं असताना कोण थांबतो? पण सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, हमीभावाने माल दिला की पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट येतात, चेकची भानगडच नसते. नोंदणी मोबाइलवर 'कपास किसान' ॲपमध्ये होते आणि ती शेतकऱ्याच्या नावाने करायची असते. जोडखातं उघडताना बाबांचं आधार त्याला जोडून घ्या, पण त्याआधी एक विचार करा. सरकारी पैसे, पीएम किसानचे दोन हजार धरून, ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं तिथे येऊ लागतात. जिल्हा बँकेकडून ते इकडे यावेत असं वाटत असेल तरच जोडा.

भावाला आज संध्याकाळीच फोन करा. बाबांना जवळ बसवून, स्पीकर चालू करून. कापूस किती झाला, भाव काय लागला, पैसे कोणत्या खात्यात येणार, त्या खात्यात दुसरं नाव कोणाचं आणि का, हे सगळं बाबांच्या देखत सांगा. बाबांचं बोलणं जड असलं तरी 'हो' एवढं ते म्हणू शकतील, आणि ते 'हो' भावाला तुमच्या तोंडून नाही, त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

नवीन चेक मिळाला तर तो टाकायला बाबांची गरज नाही. दुसऱ्याच्या खात्यात चेक भरायला कोणीही जाऊ शकतो, फक्त खातं चेकवरच्या नावाचं हवं. स्लिपवर बाबांचं नाव आणि नवीन खात्याचा नंबर लिहा, चेकच्या मागेही तो नंबर आणि तुमचा मोबाइल लिहा, सही करू नका. पेटीत टाकण्यापेक्षा काउंटरवर द्या आणि स्लिपच्या अर्ध्या तुकड्यावर शिक्का मारून घ्या. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकची स्कॅन केलेली चित्रं दिवसभर एका बँकेतून दुसऱ्या बँकेकडे जात राहतात, त्यामुळे सकाळी दिलेल्या चेकचं काय झालं ते बहुतेक त्याच संध्याकाळी कळतं. सोमवारी जाऊ नका, घाटंजीचा असो की आर्णीचा, सोमवारचा काउंटर म्हणजे जत्रा. मंगळवारी अकराच्या आत जा, आणि त्याच मॅडमच्या खिडकीत उभे राहा.